वकिलीतील उमेदवारी

श्रोतेहो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. तथापि ज्याच्या आजोबांनी चार गुंठे जमीन मागे ठेवली आहे, त्याला शहाणपण फार काळ टिकवता येत नाही. मी पेशाने शिक्षक आहे. कायद्याचे माझे ज्ञान अशिलाला विकत घ्यावे लागते तेवढेच आहे. परंतु वकिलाच्या कचेरीत बाकावर बसून गेल्या काही वर्षांत जे पाहिले, ते आज आपणांपुढे मांडण्याचा विचार आहे.

आमचे बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते. साहजिकच आमच्या घरातील जुने कागद मराठीत आहेत आणि त्यांतही आजोबांचे खरेदीखत मोडीत आहे. आता जिल्ह्याच्या न्यायालयातील बरेचसे कामकाज कन्नडमध्ये चालते, आणि प्रकरण पुढे धारवाडच्या खंडपीठात गेले तर तेथे इंग्रजी. एका जमिनीच्या तुकड्यासाठी तीन भाषा आणि चार लिप्या! हा सारा पसारा आमच्या वकीलसाहेबांच्या कचेरीत ज्या व्यक्तीच्या अंगावर पडला, ती योगायोगाने माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. वडील उद्यमबागेतील एका फौंड्रीत कामाला, शिक्षण मराठी माध्यमात, आणि पुढे हट्टाने कायद्याची पदवी मिळवून सनद घेतलेली. कचेरीत तिला ‘ज्युनिअर’ म्हणत. जुन्या मंडळींचा शब्द वापरायचा तर ती उमेदवारी करीत होती.

आमच्या खरेदीखताचे बालबोध लिप्यंतर एका वृद्ध मोडीवाचकांकडून करून घेतले होते आणि त्याचे भाषांतर कचेरीतील संगणकाने काही क्षणांत करून दिले होते. भाषांतर वाचायला सुबक होते. नाताळच्या सुट्टीत मी सहज कचेरीत गेलो, तेव्हा ही मुलगी मूळ कागद आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवून बसली होती. मला म्हणाली, “सर, खरेदीखतात क्षेत्र चार गुंठे सहा आणे आहे. भाषांतरात चार गुंठे राहिले आणि सहा आणे शेतसाऱ्याच्या रकमेत गेले.”

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही की, गुंठ्याचे सोळा आणे होतात आणि या आण्यांचा पैशाशी काही संबंध नाही. गुंठा 1,089 चौरस फुटांचा. सहा आणे म्हणजे सुमारे 408 चौरस फूट. शेजाऱ्यांशी आमचा जो वाद चालला आहे, तो जवळपास तेवढ्याच पट्टीचा आहे! यंत्राने आणा म्हटल्यावर नाणे समजून घेतले. त्याचा दोष तरी काय? त्याने कधी शेताच्या बांधावर उभे राहून मोजणी पाहिलेली नाही. दोष असलाच तर तो भाषांतर मूळ कागदाशी ताडून न पाहणाऱ्या माणसाचा, आणि त्यात मीही आलो. कारण त्या कागदाखाली समजून उमजून सही करणारा मीच होतो.

त्या दिवशी मी तिला विचारले, “तुला येथे मिळते काय?” ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “प्रवासखर्च देतात, सर. महिन्याला तीन हजार.”

श्रोतेहो, या व्यवसायात शिरतानाच पैशाची गाठ असते, ती आजची नाही. 1923 साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले, तेव्हा सनदेसाठी लागणाऱ्या पैशाला त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी हातभार लावला. सनद मिळाली, तरी अशील येईनात. 1925 ते 1928 या काळात बाबासाहेबांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसाराला आधार दिला. एवढ्या विद्वत्तेच्या पुरुषाची ही कथा, तर फौंड्रीतील कामगाराच्या मुलीने काय करावे?

सनदेच्या खर्चाचा प्रश्न तरी अलीकडे पुष्कळसा सुटला. 1961 च्या वकील कायद्यात नोंदणीची फी ठरवून दिलेली असतानाही निरनिराळ्या राज्यांच्या परिषदा त्यावर इतर आकार चढवून कोठे पंधरा हजार, कोठे चाळीस हजारांच्या वर घेत असत. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवले आणि कायद्याप्रमाणे सर्वसाधारण उमेदवाराकडून 750 रुपये व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून 125 रुपये एवढेच घ्यावेत, असा निर्णय दिला. दार उघडले, हे उत्तम झाले. पण आत गेल्यावर खायचे काय?

ऑक्टोबर 2024 मध्ये भारतीय वकील परिषदेने एक परिपत्रक काढले. ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन निदान तीन वर्षे द्यावे, असे त्यात म्हटले आहे. मात्र ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. दुसरीकडे, सनद चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरी करण्यास त्याच परिषदेच्या नियमांची मनाई आहे. ही मनाई मला योग्यच वाटते, कारण वकील हा मालकाचा नोकर होऊ नये. पण ज्याला दुसरीकडे कमावू द्यायचे नाही, त्याला येथेही द्यायचे नाही, हा हिशेब कोणत्या अंकगणितात बसतो, ते मला वर्गात शिकवता येणार नाही.

ही तक्रार मी वकीलसाहेबांच्या कानावर घातली. ते भले गृहस्थ आहेत, रागावले नाहीत. त्यांनी आपली बाजू सांगितली आणि तीही ऐकण्यासारखी होती. वकिलाला जाहिरात करता येत नाही. दावा जिंकल्यास मिळकतीचा अमुक हिस्सा माझा, असा करार करता येत नाही. वकील नसलेल्या धनिकाला भागीदार करून त्याचे भांडवल कचेरीत आणता येत नाही. उरली ती अशिलाची फी. ती दावा दाखल करतेवेळी थोडी हाती येते आणि पुढे दहा वर्षे तारखांच्या मागे लागून तुटक तुटक गोळा करावी लागते. “जागेचे भाडे, कारकून, संगणक, पुस्तके, आणि वर ज्युनिअरचे वीस हजार! सर, तुम्ही अशीलमंडळी एका तारखेला तरी न कुरकुरता पैसे देता का?”

मी काय उत्तर देणार? मात्र मी त्यांना एक विनंती केली की, माझ्याकडून जी फी घ्याल तिची पावती द्या आणि पावतीत ज्युनिअरच्या कामाचा वेगळा रकाना ठेवा. तो रकाना मी आधी भरीन. ते मोठ्याने हसले. म्हणाले, “पावती मागणारे अशील तुम्ही पहिलेच!” पावती मिळाली, रकाना नव्हता.

हा प्रश्न केवळ दयाबुद्धीचा आहे असे मला वाटत नाही. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी यंत्राकडून लिहवून घेतलेले निवेदन न्यायालयात सादर केले. त्यात आधार म्हणून दिलेले अनेक निवाडे कधी झालेच नव्हते. यंत्राने ते रचले होते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरांचा दंड केला. यंत्र आले, आता ज्युनिअर कशाला, असे म्हणणाऱ्या कचेऱ्यांनी हे प्रकरण नीट वाचावे. निवाडा खरोखर आहे की नाही, हे पुस्तकाचे पान उघडून पाहणारा माणूस कोणीतरी लागतोच, आणि ते काम ज्येष्ठ वकील स्वतः करीत नाहीत.

आणखी एक गोष्ट. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, दिवाणी न्यायाधीशाच्या सर्वांत खालच्या पदासाठीदेखील किमान तीन वर्षांची वकिली हवी. 2002 साली काढून टाकलेली अट पुन्हा आली. नुकत्याच परीक्षा पास झालेल्या, न्यायालय आतून न पाहिलेल्या मुलाने इतरांच्या मालमत्तेचा आणि स्वातंत्र्याचा निवाडा करू नये, हे म्हणणे मला पटते. परंतु ती तीन वर्षे म्हणजे नेमकी उमेदवारीची, तीन हजार रुपयांची वर्षे! ज्यांच्या घरी तोपर्यंत चूल पेटती ठेवणारे कोणी आहे, तेच ती पुरी करतील. मग न्यायासनावर कोणाची मुले बसतील, याचा विचार आपण सर्वांनी करावयास हवा. माझ्या विद्यार्थिनीला न्यायाधीश व्हायचे होते. इयत्ता नववीत असताना तिने निबंधात तसे लिहिले होते, आणि मी त्याला दहापैकी आठ गुण दिले होते.

चौदा महिन्यांनी तिने कचेरी सोडली. वडिलांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया निघाली होती. आता ती एका कर्ज देणाऱ्या कंपनीत थकबाकीच्या नोटिसा काढते. पगार वेळेवर मिळतो. जाण्यापूर्वी तिने आमच्या प्रकरणातील दुरुस्त भाषांतर स्वतःच्या हाताने लिहून, मूळ कागदाच्या प्रतीसह दप्तरात लावून दिले. सहा आण्यांखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली आहे.

मागील तारखेला मी कचेरीत गेलो, तेव्हा तिच्या टेबलाशी एक नवा तरुण बसला होता. हुशार दिसला, बोलायलाही अदबशीर होता. विद्यावेतनाबद्दल मी त्याला विचारले नाही. त्याचे वडील त्याच न्यायालयात पंचवीस वर्षे वकिली करीत आहेत. आमचे दप्तर त्याने माझ्यासमोर उघडले, पहिले पान काही वेळ न्याहाळले आणि मला विचारले, “सर, ही कोणती लिपी?”