रंगावली रागावली

आजचे हे चार शब्द विसरवाडीच्या आणि आसपासच्या पाड्यांवरच्या, इंग्रजी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहेत. नवापूर तालुक्यातली पुष्कळ मुले घरी मावची बोलतात, शाळेत मराठीतून शिकतात आणि मग इंग्रजी कवितेच्या दाराशी येतात. परीक्षेत विचारतात : ओळीतला अलंकार ओळखा व स्पष्ट करा. ‘ओळखा’ हे पाठांतराने साधते. ‘स्पष्ट करा’ म्हटले की लेखणी अडते. सिमिली, मेटॅफर, पर्सॉनिफिकेशन, अलिटरेशन ही नावे ऐकून मुलाला वाटते, हे सारे साहेबाच्या घरचे. आपल्या घरी यातले काही नाही. ही समजूत खोटी आहे.

आता पाहा. पावसाळ्यात नवापूरच्या नदीचे पाणी चढले, तर आपण म्हणू, ‘रंगावली रागावली’. शब्द दोनच. माणसाचा राग आपण नदीला दिला. मराठीत ही चेतनगुणोक्ती, इंग्रजीत पर्सॉनिफिकेशन. शिवाय र, ग, व, ल ही अक्षरे पुन्हा पुन्हा येऊन नाद झाला, हा अनुप्रास. अलिटरेशन त्याच्याच जवळचे. मात्र त्यात मुख्यतः शब्दांच्या आरंभीचा ध्वनी पाहतात.

हेच इंग्रजीत सांगा : ‘द रिव्हर इज अँग्री’. राग टिकला, पण नाद गेला! का बरे? राग अर्थात होता, नाद शब्दांत होता. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त हीच कसोटी सांगितली आहे : शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द ठेवून अलंकार टिकला तर तो अर्थालंकार, मोडला तर शब्दालंकार. म्हणून अडलेली ओळ आपल्या घरच्या बोलीत सांगून पाहावी. जे घरापर्यंत आले, तो अर्थ. जे वाटेत गळाले, तो नाद. आणि ‘द रिव्हर रेज्ड’ म्हटले, तर इंग्रजीतही र-र असा नाद पुन्हा उभा राहतो. कवी शब्द निवडतो तो असा.

नाद कानाने ओळखावा, डोळ्यांनी नव्हे. आपली देवनागरी बहुतांशी उच्चाराप्रमाणे चालते, इंग्रजी तशी चालत नाही. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ यांचे पहिले अक्षर एकच, पण ध्वनी वेगळे. तेथे अलिटरेशन नाही. ‘फोन’ आणि ‘फिश’ यांची अक्षरे वेगळी, ध्वनी एक, तेथे आहे. तेव्हा ओळ मोठ्याने वाचा.

दुसरी चूक ‘लाइक’ शब्दाची. तो दिसला की मुले सिमिली लिहून मोकळी होतात. ‘आय लाइक मँगोज’ यात आवड आहे, तुलना नाही. ‘ती आईसारखी दिसते’ यात तुलना आहे, पण माणसाची माणसाशी. तीही उपमा नव्हे. ‘कोंडाईबारीचा रस्ता सापासारखा उतरतो’ ही उपमा, म्हणजे सिमिली : दोन भिन्न वस्तू, एक समान गुण. ‘कोंडाईबारीचा रस्ता म्हणजे सापच’ म्हटले की रूपक, म्हणजे मेटॅफर. उपमेत रस्ता रस्ताच राहतो, वळणे तेवढी सापाची. रूपकात रस्ताच साप झाला. वळणांबरोबर त्याची भीतीही आली. उत्तरात नाव लिहून थांबू नका. कशाला काय म्हटले, कोणत्या गुणामुळे, आणि त्याने मनात काय उमटले, ही तीन वाक्ये लिहा. ‘स्पष्ट करा’ याचा अर्थ एवढाच.

आपल्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी दुसऱ्यांनी उतरवून ठेवली. पुस्तक निघाले 1952 साली, त्यांच्या मृत्यूनंतर. त्या गाण्यांत उपमा-रूपके भरलेली आहेत. अलंकारांची इंग्रजी नावे न शिकताच त्या अलंकार रचीत होत्या. नावे मागाहून येतात.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आज घरी आजीला विचारा : पाऊस, डोंगर, बैल, मोहाचे झाड यांविषयी आपल्या बोलीत कसे कसे बोलतात? मिळतील ती वाक्ये वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढे त्याचे इंग्रजी नाव लिहा. मावचीतली ती वही उद्या इंग्रजीच्या तासाला न्या. इंग्रजी कवितेच्या दाराची किल्ली तीतच सापडेल.