कर्ण राहिलाच

जागेच्या चारही बाजू मोजून आणल्या, आता क्षेत्रफळ किती? गणिताच्या जाणकाराला लोक विचारतात त्या प्रश्नांतला हा जुन्यांतला जुना प्रश्न. तो सोपा वाटतो, पण एवढ्या माहितीवर त्याला उत्तरच नाही.

बाजू क्रमाने २५, ३९, ६० आणि ५२ फूट आहेत असे धरावे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, अशी चालत आलेली रीत आहे. ४२.५ गुणिले ४५.५, म्हणजे १९३३.७५ चौरस फूट. व्यवहार ठरतो, पैसे मोजले जातात. प्रत्यक्षात या चार बाजूंचा चौकोन कसाही वाकवला, तरी त्यात १७६४ चौरस फुटांहून जास्त जागा मावत नाही. घेणाऱ्याने किमान १६९ चौरस फूट हवेचे पैसे दिलेले असतात. २५ आणि ३९ च्या बाजूंची मोकळी टोके जोडणारा कर्ण ५६ फूट भरला, तर १७६४ येतात. तोच ६३ फूट भरला, तर क्षेत्रफळ १६२० वर उतरते. बाजू त्याच, फितीचा एक फेरा जास्तीचा, आणि फरक एका खोलीएवढा.

सरासरीची ही रीत ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये दिली, पण तिला त्याने स्थूल म्हटले होते. लोकांनी रीत ठेवली, विशेषण सोडले. भास्कराचार्य मात्र ‘लीलावती’त (इ.स. ११५०) या बाबतीत चांगलेच तापलेले दिसतात. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच ठरवले आहे, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे पिशाच. शिवी जरा जास्तच आहे. विचारणाऱ्याला कर्ण लागतो हे ठाऊक असते, तर तो विचारायला आलाच नसता. उत्तर देणाऱ्याबद्दलचा निवाडा मात्र अजूनही लागू पडतो. लोकांच्या बहुतेक प्रश्नांत असा एखादा कर्ण राहिलेला असतो, आणि तो मागून घेणे हे उत्तर देणाऱ्याचे पहिले काम असते.

मापांच्या प्रश्नांत तो एककात दडतो. वाळू किंवा मुरूम घेताना ब्रास म्हणजे १०० घनफूट. फरशीच्या कामात तोच ब्रास १०० चौरस फूट. ‘एका ब्रासला किती येईल’ असे कोणी विचारले, तर कशाचा ब्रास हे आधी विचारावे लागते. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते, बोलण्यात गुंठे असतात, आणि आर म्हणजेच गुंठा असे सर्रास धरले जाते. आर १०० चौरस मीटरचा. गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा, मीटरमध्ये १०१.१७. एका गुंठ्याला हे कोणी मोजणार नाही, पण ४० गुंठ्यांच्या एकराला फरक सुमारे ५०० चौरस फुटांवर जातो.

टक्क्यांच्या प्रश्नांत राहून जाते ते ‘कशाचे’. १८ टक्के जीएसटी धरून वस्तू ११८० रुपयांना पडली, तर मूळ किंमत किती? कॅल्क्युलेटर हाती असलेली शहाणी माणसेही ११८० चे १८ टक्के वजा करून ९६७ रुपये ६० पैसे सांगतात. कर मूळ किमतीवर बसलेला असतो, बिलाच्या रकमेवर नाही. म्हणून भागायचे १.१८ ने, आणि येतात १००० रुपये. कर्जाच्या व्याजात हीच चूक महागात पडते. १,२०,००० रुपये वर्षासाठी १२ टक्क्यांनी, व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर, परतफेड १२ सारख्या हप्त्यांत: व्याज १४,४०० आणि हप्ता ११,२००. पण मुद्दल दरमहा फिटत जाते, त्यामुळे वर्षभरात हातात राहणारी रक्कम सरासरी ६५,००० च्या आसपासच असते. तिच्यावर १४,४०० म्हणजे खरा दर शेकडा २१-२२ च्या घरात.

शाळेतले प्रश्न वेगळ्या वळणाचे असतात. ‘त्र्याहत्तर’ ऐकून ३७ लिहिणाऱ्या मुलाची तक्रार अंकगणिताची नसते. तीन आधी ऐकू येतो, म्हणून तो आधी लिहिला जातो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तर तीन’ धर्तीचे वाचन आले, तेव्हा वाद विधानसभेपर्यंत गेला. त्या गदारोळात मुलाची अडचण खरी होती एवढे मान्य करायलाही फारसे कोणी थांबले नाही.

ऋण गुणिले ऋण धन का, याला कर्जाचा दाखला द्यायची पद्धत आहे. तो दुसऱ्या मिनिटाला तुटतो, कारण कर्ज गुणिले कर्ज म्हणजे काय, हे चलाख विद्यार्थी विचारतोच. त्यापेक्षा पाढा उतरवावा: ३ गुणिले −२ बरोबर −६, मग २ ला −४, १ ला −२, शून्याला ०. दर पायरीला २ वाढतात. पुढची पायरी −१ ची. तिथे +२ आले नाहीत, तर पाढा मोडतो. शून्याने भागण्याचा प्रश्नही असाच उलटा करून पाहावा. शून्याला कशाने गुणले की १२ येतील? कशानेच नाही. आणि शून्याला कशाने गुणले की शून्य येईल? कशानेही. एकीकडे उत्तर नाही, दुसरीकडे उत्तरांची गर्दी, म्हणून हा भागाकार करत नाहीत. ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य शून्यच मानले होते. तेव्हा इथे चुकणारे मूल चांगल्या संगतीत असते.

पदावल्यांच्या कोड्यांना ‘कंचेभागुबेव’ (कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) हे ठरलेले औषध, पण त्याचा अपायही आहे. १० − ३ + २ याचे उत्तर ५ काढणारा विद्यार्थी आळशी नसतो. ‘बे’ आधी, ‘व’ नंतर हे त्याने इमानाने पाळलेले असते. बेरीज-वजाबाकीचा मान सारखा, डावीकडून जायचे, उत्तर ९, हे त्या सहा अक्षरांत कुठेच नाही. ८ ÷ २(२ + २) सारख्या कोड्यावर १६ की १ यावरून घराघरांत भांडणे होतात. तिथे दोष लिहिणाऱ्याचा, त्याने एक कंस चोरलेला असतो.

‘पुढची संख्या कोणती’ या प्रश्नांत तर नियमच गाळलेला असतो. १, २, ४, ८, १६ यांच्यापुढे ३२ लिहिणाऱ्याला गुण मिळतात. वर्तुळावर एकापासून एकेक वाढवत बिंदू घेतले, ते सगळे एकमेकांना जोडले आणि आतले तुकडे मोजले, तर पहिल्या पाच वेळा याच संख्या येतात. सहाव्या बिंदूला, आत एका ठिकाणी तीन रेघा छेदू दिल्या नाहीत, तर तुकडे भरतात ३१.