नळी आहे, तरी लुंगी ओली?

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर घरचा माणूस लघवीची नळी घेऊन येतो आणि लुंगी ओली होते. तो लाजून पाणीच सोडतो. लुंग्या धुतो आम्ही, म्हणून बोलतोही आम्हीच: पाणी सोडू देऊ नका, लघवी गढूळ झाली की नळी तुंबते.

आधी पिशवी बघायची. लघवी उतरतेय? मग मूत्राशय मधूनच आवळून नळीच्या बाजूनं थोडी गळते. शौचाला खडा झाला तरी गळते. पिशवी रिकामीच असेल तर नळी मुडपलीय का, अंगाखाली दबलीय का बघा. पिशवी खाटेच्या खाली टांगा, जमिनीला टेकवू नका.

तरी उतरत नसेल, ओटीपोट फुगून दुखत असेल, रक्ताच्या गाठी किंवा ताप असेल, तर सकाळची वाट बघू नका, दवाखाना गाठा. नळी घरी ओढायची नाही. आत पाण्यानं फुगवलेला फुगा असतो.