तिसऱ्या हाताआधीची धूळ
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



ओळख करून देताना माझ्या नोकरीबद्दल जे काही सांगितलं, ते विसरून जा. सॉफ्टवेअरवर मी इथे एक अक्षर बोलणार नाही. मी ज्यावर हात ठेवून उभी आहे, त्या पोडियमबद्दल बोलणार आहे. खरं तर त्याच्यावरच्या धुळीबद्दल.

हा आपल्या वेळचाच सागवानी पोडियम. पंधरा ऑगस्टची सगळी भाषणं आपण ह्याच्यामागे थरथरत केली. अडगळीच्या खोलीत तो सापडला तेव्हा ग्रुपवर 'टाकून द्या, नवा घेऊ' असं चाललं होतं. मी मध्येच 'मी करते' असं लिहून मोकळी झाले. लॉकडाऊनमध्ये दोन स्टुलं आणि एक चपलांचं कपाट केलं होतं, तेवढ्या भांडवलावर! टेम्पोने तो पुण्याला आणला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम सुरू केलं.

जुनं पॉलिश खरवडणं, पॉलिश पेपर मारणं हे कष्टाचं होतं, पण जमलं. मग तेलाचं वॉर्निश, ब्रशने, दिवसाला एक हात. पहिला हात छान बसला. दुसऱ्या हाताआधी ३२० नंबरच्या पेपरने हलकं घासायचं असतं. वॉर्निश एकदा सुकलं की नवा थर त्यात विरघळत नाही. त्याला धरायला बारीक ओरखडे लागतात, शिवाय आधीच्या थरात अडकलेले कणही निघतात. लाखेच्या स्पिरिट पॉलिशचं वेगळं, तिथे नवा हात जुन्यात मिसळून जातो.

घासल्यावर जी पांढरी भुकटी निघते ती लाकडाची नसते, वॉर्निशचीच असते. मी ती तोंडाने फुंकली. मग कॉम्प्युटर साफ करायचा ब्लोअर आणून मारला. समाधान झालं. तिसऱ्या हाताआधीही तेच केलं आणि तिसरा हात दिला.

दुसऱ्या दिवशी हात फिरवला, तर रव्यावरून फिरवल्यासारखं. ब्लोअरने भुकटी गेली कुठेच नव्हती. हवेत उडाली आणि ओल्या वॉर्निशवर सावकाश येऊन बसली. वर पार्किंगमधली धूळ होतीच. ते एक वेळ चाललं असतं. पण पुढच्या बाजूला शाळेचं नाव कोरलंय ना, त्या अक्षरांच्या खाचांत भुकटी तशीच राहिली आणि वॉर्निशखाली कायमची बंद झाली. रांगोळी सांडल्यासारखी पांढरी अक्षरं. सागाची छिद्रं मोठी, त्यांतही पांढऱ्या रेघा. मेळाव्याला सव्वा महिना उरला होता. माझ्या कामात चूक झाली तर मागची आवृत्ती परत आणता येते. इथे मागची आवृत्ती म्हणजे पुन्हा पॉलिश पेपर.

त्या रात्री मी कार्यानुभवाच्या आपल्या सरांना फोन केला. सर इथे पहिल्या रांगेत बसलेत, त्यांची परवानगी घेऊनच सांगते. सरांनी 'कशी आहेस' विचारायच्या आधी विचारलं, "फडकं कुठलं घेतलंस?"

मी म्हटलं, फडकं घेतलंच नाही. सर हसले. मग त्यांनी सांगितलं ते मी लिहून घेतलं. आधी मऊ ब्रशने झाडायचं, खाचांना जुना दात घासायचा ब्रश. व्हॅक्यूम असेल तर त्याने ओढून घ्यायचं, उडवायचं नाही. मग खूप धुतलेलं सुती कापड, जुनं धोतर किंवा साडी. नव्या कापडाचे धागे सुटतात. ते टर्पेंटाइनमध्ये बुडवून घट्ट पिळायचं, ओलसर वाटलं पाहिजे पण थेंब पडता कामा नये. एकाच दिशेने पुसायचं आणि प्रत्येक वेळी घडी बदलून स्वच्छ बाजू घ्यायची. टर्पेंटाइन पूर्ण उडाल्यावरच पुढचा हात. "आणि लाखेच्या पॉलिशवर स्पिरिटचं फडकं फिरवू नकोस, पॉलिशच निघून येईल." हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, हे तुम्ही आम्हाला तेव्हा शिकवलं नाहीत." आठवतंय ना? मुलांना रंधा आणि करवत, आम्हाला भरतकाम. आम्ही वर्गाच्या दारातून भुसा उडताना बघायचो. सर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तेव्हा तशीच पद्धत होती. पण तुमच्यापैकी कुणाला यायचंय का, हे मी कधी विचारलं नाही, हेही खरं."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. रागावून नाही. हे कुणी तरी एकदा बोलावं, असं मला इतकी वर्षं वाटत होतं, हे मलाच ठाऊक नव्हतं.

मग तिसरा आणि दुसरा असे दोन्ही थर घासून काढले. अक्षरांच्या खाचा सुईने कोरण्यात चार संध्याकाळी गेल्या. पोडियम घरातल्या छोट्या खोलीत आणला. पंखा बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, लेकाला प्रवेशबंदी. पुसून झालं की दिवे मालवून मोबाइलचा उजेड पृष्ठभागाला आडवा धरायचा. वरच्या उजेडात जे दिसत नाही ते आडव्या उजेडात दिसतं. तीनदा पुसूनही कण सापडायचे.

घरी कुणी करणार असेल तर एक सांगते: तेलाच्या वॉर्निशची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा.

मघाशी मंचावर येताना सरांनी पोडियमवरून तळहात फिरवला आणि डाव्या कोपऱ्याशी थांबले. तिथे एक कण राहिलाय, मलाही माहीत आहे. सर काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघून हसले. चहानंतर तुम्हीही येऊन बघा. हात तेवढे कोरडे असू द्या.