मेंदूतील गाठीचे चित्र : अभियंता व डॉक्टर यांचे संयुक्त कार्य



मेंदूत गाठ आढळली की ती किती मोठी आहे आणि कोठवर पसरली आहे, हा पहिला प्रश्न असतो. शस्त्रक्रिया व किरणोपचार यांची दिशा त्याच्या उत्तरावर ठरते. गाठीलगतच वाणी, दृष्टी किंवा हातापायांची हालचाल सांभाळणारा भाग असू शकतो. गाठीचा अंश राहिला तर ती पुन्हा वाढते. निरोगी भाग दुखावला तर गेलेली शक्ती परत मिळणे कठीण होते.

हे उत्तर शोधण्याच्या कार्यात नांदेडचाही वाटा आहे. विष्णुपुरी येथे १९८१ साली स्थापन झालेल्या श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतील संशोधक उज्ज्वल बैद व प्रा. संजय तळबर यांनी मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील डॉक्टरांच्या सहकार्याने ‘ग्लायोमा’ या गाठीवर संशोधन केले. ते २०२० साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या संशोधनासाठी वापरलेल्या संग्रहात प्रत्येक रुग्णाची चार प्रकारची एम. आर. आय. चित्रे आहेत व प्रत्येक प्रकारात १५५ छेद, म्हणजे एका रुग्णामागे ६२० चित्रे. त्यांवर गाठीचा मृत भाग, वाढता भाग आणि भोवतालची सूज यांच्या सीमा हाताने आखावयाच्या तर तज्ज्ञाचे तास खर्ची पडतात. हे काम संगणकाने करावे, असा हा प्रयत्न होय. मात्र संगणक आपोआप शिकत नाही. अनुभवी डॉक्टरांनी सीमा आखून दिलेली २८५ रुग्णांची चित्रे त्याला प्रथम अभ्यासावी लागली. गणिती रचना अभियंत्याची, पारख डॉक्टरची. एकाचे ज्ञान दुसऱ्यावाचून अपुरे ठरते.

अशा पद्धतींची तुलना करणारी जागतिक स्पर्धा २०१२ पासून भरते. २०२१ साली तिच्यातील संग्रह २,०४० रुग्णांपर्यंत पोहोचला. तथापि एका ठिकाणच्या चित्रांवर शिकलेला संगणक दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रावरील चित्रांत चुकू शकतो. म्हणून मराठवाड्यातील रुग्णांची चित्रे, त्यांच्या संमतीने व नाव वगळून, अभ्यासात येणे अगत्याचे आहे. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विष्णुपुरीतच आहे. लातूर येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळच्या या संस्थांनी हे काम एकत्र हाती घेतल्यास त्याचा लाभ याच भागातील रुग्णांना होईल.

यातील मोठा अडसर शिक्षणातच आहे. बारावीच्या निकालांसाठी लातूरची ख्याती राज्यभर आहे. परंतु अकरावीतच वैद्यकाकडे जाणारा विद्यार्थी बहुधा गणित सोडतो आणि अभियांत्रिकीकडे जाणारा जीवशास्त्र. पुढे दोघांना एकमेकांची भाषा कळेनाशी होते. शिक्षकांनी विज्ञान मंडळात दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसविले, तरी पुष्कळ साधेल.

पंचायत सदस्यांचे कार्य याहून निकडीचे आहे. प्रौढ वयात प्रथमच फीट येणे, वाढत जाणारी डोकेदुखी व विशेषतः सकाळची उलटी, बोलण्यात किंवा चालण्यात हळूहळू येणारा फरक, अशी लक्षणे दिसताच रुग्णास अंगारे-धुपाऱ्यांत न गुंतविता डॉक्टरकडे न्यावे. प्रत्येक वेळी कारण गाठच असते असे नाही. परंतु तपासणीस विलंब होता कामा नये. रुग्ण वेळेवर तपासणीस आला, तरच प्रयोगशाळेतील संशोधन त्याच्या उपयोगी पडेल.