चौकीत शिरलेला चोर



वाडीत काम करताना पायात काटा मोडला, जखम चिघळली, की दोन दिवसांत जांघेत अवधाण येतं. नंदाखालच्या बागायतदाराला हे सांगायला नको. पण जखम पावलात आणि गाठ जांघेत, असं का व्हावं? या साध्या प्रश्नातूनच आज आपल्याला तोंडाच्या कर्करोगाकडे जायचं आहे.

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज आणखी एक जाळं आहे. पेशींभोवती झिरपलेला द्रव गोळा करून तो पुन्हा रक्तात नेणारं. वाडीतले पाटच म्हणा ना! या द्रवाला लसिका म्हणतात. या पाटांवर जागोजाग वालाच्या दाण्याएवढ्या ग्रंथी असतात. त्या म्हणजे चौक्या, आणि पांढऱ्या पेशी हे तिथले पहारेकरी. काही पेशी जखमेतल्या जंतूंचे तुकडे चौकीत आणून ‘टी’ नावाच्या पेशींना दाखवतात. ओळख पटली की त्या टी पेशी भराभर वाढतात, चौकी फुगते. तेच अवधाण. तोंडाचे पाट मानेत उतरतात. म्हणून दाढ किडली की जबड्याखाली गाठ हाताला लागते. ती दुखते आणि दाढ बरी झाली की बहुधा जिरते.

कर्करोगाची पेशी मात्र परकी नव्हे. ती आपलीच, पण बिघडलेली. टी पेशी तिला पुष्कळदा ओळखतात, मारतातही. पण काही बिघडलेल्या पेशींच्या अंगावर असं एक प्रथिन असतं की, त्याचा स्पर्श होताच टी पेशीचा ब्रेक दाबला जातो. पहारेकरी समोर उभा, पण हात उचलत नाही! मग चोर चौकीतच बिऱ्हाड करतो. ही गाठ टणक असते, हळूहळू वाढते आणि सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही, म्हणून माणूस थांबतो. घात होतो तो इथे.

पण चोर आत शिरला तरी चौकी बाहेरून कित्येकदा जशीच्या तशी दिसते. मग गाठ हाताला लागत नसतानाच मानेतल्या ग्रंथी काढाव्यात काय? यावर शस्त्रवैद्यांत वर्षानुवर्षे वाद होता. त्याचं उत्तर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने दिलं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून लवकर सापडलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या ग्रंथी काढल्या. दुसऱ्यात गाठ दिसेपर्यंत वाट पाहिली. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी पहिल्या गटात शंभरांतले ८० हयात, दुसऱ्यात सुमारे ६७.

कोणी विचारील, चौक्याच काढल्या तर शरीराचं रक्षण कोण करणार? मंडळी, अशा ग्रंथी शरीरात शेकडो आहेत. खांदा थोडा जड होतो, व्यायाम करावा लागतो, हे खरं. पण ‘सुरी लागली की रोग पसरतो’ ही आपल्याकडची समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

दाबलेला तो ब्रेक सोडवताही येतो. त्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. हे औषध फार महाग. टाटाच्या डॉक्टरांनी ते नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी मात्रेत, इतर गोळ्यांच्या जोडीने, डोकं-मान भागातला कर्करोग बळावलेल्या रुग्णांना दिलं. नुसत्या गोळ्या घेणाऱ्या शंभरांतले सुमारे १६ वर्षभर जगले होते. औषधाची जोड मिळालेल्यांतले ४३ जगले. मोठीच आशा. पण लवकर येणाऱ्याचं नशीब याहून कितीतरी बरं, हेही विसरू नका.

तेव्हा महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, मानेतली न दुखणारी गाठ, यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. तंबाखू, मिश्री सोडा. नुसती सुपारीही निर्दोष नाही. गुरुजी आणि बाई, गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी पुडी मुलांच्या खिशात येते. तिच्याबद्दल वर्गात बोला.

विरारहून दादरची गाडी धरली की परळ दूर नाही. गाठ दुखण्याची वाट पाहू नका.