प्रत्येक लाटेचा रुग्ण वेगळा



फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत आणि विदर्भाच्या इतर भागांत करोनाचे रुग्ण पुन्हा वाढू लागले, तेव्हा राज्यातल्या डॉक्टरांच्या गाठीशी वर्षभराचा अनुभव होता. सप्टेंबर २०२० ची लाट त्यांनी पेलली होती. कोणाला दाखल करायचे, स्टेरॉइड कधी सुरू करायचे, रुग्णाला पालथे कसे झोपवायचे, हे वॉर्डातल्या सिस्टरपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते. तरीही एप्रिल आला आणि हा अनुभव तोकडा पडला. रोगाचे नाव तेच होते, तपासणीही तीच होती. दारात आलेला रुग्ण मात्र निराळा होता.

लाट बदलली की रुग्ण बदलतो. तो कशामुळे बदलला, हे वेगळे काढून पाहिल्याशिवाय दोन लाटांची तुलना करता येत नाही. परिषदेच्या या अधिवेशनाचा विषय हाच आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभरातील रुग्णालयांत दाखल झालेल्या करोना रुग्णांची नोंदवही ठेवली. तिच्यातील सुमारे एकोणीस हजार रुग्णांच्या माहितीवरून पहिल्या दोन लाटांची तुलना झाली. दाखल रुग्णांचे सरासरी वय ५०.८ वर्षांवरून ४८.७ वर आले होते. ऑक्सिजन लागणाऱ्यांचे प्रमाण ४२.७ टक्क्यांवरून ५०.३ टक्क्यांवर गेले होते. मृत्यूचे प्रमाण १०.२ टक्क्यांवरून १३.३ टक्क्यांवर पोहोचले होते. वीस वर्षांखालचे रुग्ण सोडले तर ही वाढ सर्वच वयोगटांत होती. म्हणजे दुसऱ्या लाटेतला रुग्ण थोडा तरुण होता, आणि तरीही अधिक आजारी होता.

हे आकडे आकस्मिक विभागात कसे दिसत होते, ते त्या महिन्यांत तिथे उभे राहिलेल्या कोणालाही सांगता येईल. चाळिशीही न गाठलेला माणूस स्वतःच्या पायांनी चालत येतो. बोलतो, नाव-पत्ता नीट सांगतो, बायको-मुलांचा अहवालही पॉझिटिव्ह आल्याचे सांगतो. बोटाला ऑक्सिमीटर लावला की आकडा दिसतो ८२. ताप येऊन सातवा-आठवा दिवस झालेला असतो. पहिले चार-पाच दिवस खाटेच्या शोधात किंवा अंगावर काढण्यात गेलेले असतात. सोबत सीटी स्कॅनची फाइल असते आणि नातेवाइकांच्या हातात रेमडेसिविरची चिठ्ठी. या इंजेक्शनमुळे दाखल रुग्णांचे मृत्यू फारसे कमी होत नाहीत, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीचा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच जाहीर झाला होता. सहा महिन्यांनंतरही त्यासाठी औषधाच्या दुकानांपुढे रांगा लागत होत्या.

रुग्ण बदलला की रुग्णालयाचे गणितही बदलते. ऑक्सिजनचेच उदाहरण घ्या. एका जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७ हजार लिटर ऑक्सिजन असतो. साध्या नळीतून मिनिटाला ५ लिटर दिला, तर तो एका रुग्णाला जवळपास दिवसभर पुरतो. साठवण पिशवीच्या मास्कवर मिनिटाला १५ लिटर लागले, तर तोच सिलिंडर आठ तासांच्या आत संपतो. नाकातून उच्च प्रवाहाने शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला ६० लिटरने सोडावा लागला, तर तो दोन तासही टिकत नाही. रुग्णांची संख्या तीच राहिली आणि केवळ तीव्रता वाढली, तरी पुरवठा कोलमडतो. एप्रिल-मे २०२१ मध्ये तर संख्या आणि तीव्रता दोन्ही एकदम वाढल्या. देशातली रोजची नवी नोंद सप्टेंबर २०२० मध्ये एक लाखाच्या आत राहिली होती. ६ मे २०२१ रोजी ती ४ लाख १४ हजारांवर गेली. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिल्या लाटेनंतर, रुग्ण ओसरलेले असतानाच, जिल्ह्यात ऑक्सिजननिर्मितीचे प्रकल्प उभे करून घेतले. त्या तयारीचे मोल एप्रिलमध्ये साऱ्या राज्याला कळले.

मग मृत्यू वाढले ते कशामुळे? विषाणूच्या डेल्टा या नव्या प्रकारामुळे, की रुग्णालये तुडुंब भरल्यामुळे, की रुग्ण उशिरा पोहोचल्यामुळे? तिन्ही कारणे एकाच आठवड्यात, एकाच वॉर्डात हजर होती. डेल्टा अधिक वेगाने पसरत होता आणि अधिक जणांना रुग्णालयात आणत होता, हे इतर देशांतल्या अभ्यासांतही दिसले. पण ज्या परिचारिकेकडे एरवी मोजके गंभीर रुग्ण असतात तिच्याकडे त्यांच्या दुपटी-तिपटीने आले, तर त्याचा परिणामही मृत्यूच्याच रकान्यात उतरतो. रकाना कारण सांगत नाही.

दुसरी अडचण छेदाची. २०२० च्या सुरुवातीच्या महिन्यांत लक्षणे नसलेले पॉझिटिव्ह रुग्णही दाखल करून घेतले जात होते. पुढे गृहविलगीकरण रुळले आणि सौम्य रुग्ण घरीच राहू लागले. साहजिकच दाखल रुग्णांत गंभीर रुग्णांचा वाटा वाढला. अशा दोन काळांतील शेकडा मृत्यू शेजारी शेजारी मांडले, तर विषाणूत काही बदल झाला नसतानाही दुसरा काळ अधिक घातक दिसेल.

उपचारही एका जागी थांबलेले नव्हते. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीचा निकाल जून २०२० मध्ये आला. डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. निकालाचा पहिला भाग गावोगावी पोहोचला, दुसरा वाटेत राहिला. २०२१ मध्ये पहिल्या आठवड्यातच, घरच्या घरी, रक्तातली साखर न तपासता स्टेरॉइड दिल्याची उदाहरणे डॉक्टरांनी पाहिली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वारेमाप वापर यांतून म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले. महाराष्ट्र आणि गुजरात त्यात सर्वांत पुढे होते. कोणी डोळा गमावला, कोणी वरचा जबडा. पहिल्या लाटेत हा आजार एवढ्या प्रमाणावर दिसला नव्हता. दुसऱ्या लाटेचा रुग्ण काही अंशी उपचारांनीही घडवला होता, हे या परिषदेने स्पष्ट शब्दांत मान्य करायला हवे.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन या प्रकाराची लाट उसळली. मुंबईत दिवसाला २० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्या लाटेचा उच्चांक ११ हजारांच्या आसपास होता. तरीही या वेळी बहुतेक खाटा रिकाम्या राहिल्या. दक्षिण आफ्रिकेतील एका खासगी रुग्णालय समूहाने चारही लाटांतील आपल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली, तीही याच दिशेची होती. तिसऱ्या लाटेत दाखल झालेल्यांपैकी ७४ टक्के रुग्णांना ऑक्सिजन लागला होता, ओमायक्रॉनच्या लाटेत १७.६ टक्क्यांना. मात्र दाखल रुग्णांचे मध्यक वयही ५९ वर्षांवरून ३६ वर आले होते. इतर आजारांसाठी दाखल झालेले आणि नेहमीच्या तपासणीत पॉझिटिव्ह आढळलेले अनेक जणही त्या संख्येत होते. बाळंतपणासाठी आलेली तरुणी आणि श्वास लागलेले आजोबा एकाच यादीत बसले, की यादीची सरासरी सौम्य होते.

ओमायक्रॉन सौम्य आहे, एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी त्याच वर्षी मार्चमधील हाँगकाँगकडे पाहावे. तिथे ऐंशी वर्षांपुढच्या बहुसंख्य वृद्धांचे लसीकरण झालेले नव्हते आणि आधीच्या लाटा थोपवल्यामुळे संसर्गातून आलेली प्रतिकारशक्तीही जवळपास नव्हती. लोकसंख्येच्या प्रमाणात जगातल्या सर्वाधिक मृत्युदरांपैकी एक तिथे नोंदला गेला. मुंबईतल्या रिकाम्या खाटांमागे विषाणूइतकाच डेल्टाने आधीच गाठलेल्या आणि लस घेतलेल्या लोकांचा वाटा होता.

शंभर वर्षांपूर्वी हे याच शहरात घडून गेले आहे. जून १९१८ मध्ये मुंबईत इन्फ्लुएंझाची पहिली लाट आली. ती तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. एरवी अशा तापात म्हातारे आणि तान्ही मुले दगावतात. त्या वेळी वीस ते चाळीस वयाची कमावती माणसे मोठ्या संख्येने गेली. जूनच्या रुग्णाकडे पाहून ऑक्टोबरची तयारी करता आली नसती.

म्हणून या अधिवेशनापुढे एक ठराव ठेवला जात आहे. साथ सुरू होताच प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि मोठ्या खासगी रुग्णालयात केसपेपरच्या पहिल्या पानावर सहा नोंदी सक्तीच्या असाव्यात: लक्षणे सुरू झाल्याची तारीख, दाखल होताना, ऑक्सिजन लावण्यापूर्वीचे ऑक्सिमीटरचे वाचन, सहव्याधी आणि दाखल होतानाची रक्तशर्करा, लशींच्या मात्रा व तारखा, दाखल करण्याचे मूळ कारण, आणि त्या दिवशी वॉर्डात किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या, याची संख्या. शेवटची नोंद आजवर कोणत्याच तक्त्यात नसते, आणि तिच्याशिवाय विषाणूचा दोष व व्यवस्थेचा दोष वेगळे करता येत नाहीत. या नोंदी दर आठवड्याला जिल्हा पातळीवर एकत्र करून डॉक्टरांना परत कळवल्या, तर रुग्ण बदलत असल्याचे लाट शिखरावर पोहोचण्याआधी कळेल.

उद्या दुपारच्या खुल्या सत्रात या ठरावावर चर्चा होईल. ग्रामीण रुग्णालयांतील सहकाऱ्यांनी तिथे अवश्य बोलावे. रात्रपाळीला एकच डॉक्टर असताना या सहांपैकी कोणत्या नोंदी खरोखर भरता येतील, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही.